बंडीचं वंगण आणि सायकलचा फोर्क

गेल्या हिवाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना माझ्या सायकलचा पुढचा फोर्क अर्ध्यावर बसला आणि वर यायलाच तयार होईना. घाटातली वळणं, रस्त्यावर सागाची वाळलेली पानं, आणि हँडल असं खाली गेलेलं की मी सायकल चालवतोय की तिच्यावरून पुढे सांडतोय, हेच कळेना. शेवटचे काही किलोमीटर पायीच उतरलो. दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः तो फोर्क उघडून, पुसून, ग्रीस भरून बंद केला होता.

या ब्लॉगचे जुने वाचक इथेच हसतील, कारण मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय आणि माझा विषय ग्रीसच आहे. वनस्पती तेलांपासून बनवलेल्या ग्रीसमधून तेल किती आणि कसं सुटतं, हे मोजण्यात माझी तीन वर्षं गेली आहेत. आणि ऐन वेळी मी काय केलं? फेलोशिप आलेली नव्हती, फोर्कसाठीचं परदेशी ग्रीस परवडत नव्हतं, म्हणून बाजारातून ट्रकच्या व्हीलबेअरिंगचं ग्रीस आणलं. दुकानदार म्हणाला, "ग्रीस म्हणजे ग्रीस, भाऊ." मी मान डोलावली. त्याला माहीत नव्हतं, हे ठीक. मला माहीत होतं.

रूमवर येऊन फोर्क उघडला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. आधी फोर्क आतून कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खालचे जाड पाय असतात आणि त्यांच्यात वरून दोन गुळगुळीत नळ्या खालीवर सरकतात. नळी जिथे पायात शिरते तिथे रबराचं सील असतं, ते धूळ पुसून बाहेर ठेवतं. सीलच्या खाली स्पंजासारखी फोमची एक कडी बसवलेली असते. ती तेलात भिजवून ठेवायची असते. पायाच्या तळाशी अगदी थोडं, काही मिलिलिटरच तेल असतं. सायकल उसळली की ते वर उडतं, फोम ते पितो, आणि नळी सरकताना तिला पातळ थर लावत राहतो. एका बाजूच्या नळीत हवेची स्प्रिंग असते. तिचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे असतात आणि दोघांतला दाब सारखा व्हावा म्हणून नळीच्या आतल्या भिंतीला एक छोटीशी खाच दिलेली असते.

माझं चिकट, घट्ट ग्रीस त्या खाचेत जाऊन बसलं होतं. दाबाचा समतोल बिघडला, खालच्या कप्प्यातल्या हवेनं फोर्कला खाली ओढून धरलं. ही झाली एक गोष्ट. दुसरी जास्त वाईट होती. फोमच्या कडीवर त्याच ग्रीसचा लेप बसला होता, त्यामुळे तिने तेल प्यायलंच नव्हतं. कडी आतून कोरडी ठणठणीत. नळीवर केसाएवढा एक ओरखडा उठला होता.

ती कोरडी कडी चिमटीत धरली आणि मला आमच्या आबाजींची बंडी आठवली.

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी. आमच्या लहानपणी गावात लाकडी चाकांच्या बंड्या मोजक्याच उरल्या होत्या, पण आबाजींनी आपली मोडली नव्हती. बंडीखाली बांबूचं एक नळकांडं लटकवलेलं असायचं. त्यात काळं वंगण आणि ते काढायला एक काडी. वंगण घरीच व्हायचं. धुऱ्यावर एरंडी लावलेली असायची. तिच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल काढून घ्यायचं. गवत जाळून उरलेली काळी राख त्यात खलायची. जुन्या लुगड्याची चिंधी त्या लगद्यात बुडवून आखाला गुंडाळायची, मग चाक चढवायचं. कधी चिंधीऐवजी अंबाडीचा वाख.

मी विचारलं होतं, नुसतं तेलच का नाही ओतत? आबाजी म्हणाले, "अबे, तेल गयते. चिंधी धरून ठेवते. चिंधी सुकली का चाक बोंबलते."

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण या तीन वाक्यांत बसतं. तेल आणि ग्रीस यांत फरक एवढाच की ग्रीसमध्ये तेलाला धरून ठेवणारं कोणीतरी असतं. साधारण ऐंशी-नव्वद टक्के ग्रीस हे तेलच असतं. उरलेला भाग त्याला पकडून बसलेल्या जाळीचा, म्हणजे घट्टकाचा. स्पंज म्हणा, चिंधी म्हणा. घर्षण होतं, थोडी उष्णता होते, थोडा दाब येतो, आणि जाळी थेंब-थेंब तेल सोडते. काम थांबलं की पुन्हा धरून ठेवते. जास्त सोडलं तर सगळं वाहून जातं. अजिबात सोडलं नाही तर भांडं भरलेलं आणि चाक कोरडं. आम्ही प्रयोगशाळेत हेच मोजतो. बारीक जाळीच्या शंकूत ग्रीस ठेवायचं, १०० अंश सेल्सिअसला ३० तास टांगायचं, आणि खाली किती तेल ठिबकलं ते वजन करून पाहायचं. माझी तीन वर्षं या ठिबकण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

राखेचं कामही बिनडोक नव्हतं. काजळीचे बारीक कण तेलात एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि तेल घट्ट होतं. काजळीनं घट्ट केलेली ग्रीसं उद्योगात आजही वापरली जातात. शिवाय वंगण चाकाच्या तुंब्याबाहेर थोडं फुगून यायचं आणि काळ्या मातीची धूळ तिथेच चिकटून राहायची, आत जायची नाही. म्हणजे एकाच चिंधीत तेलाचा साठा, वात आणि धुळीचं सील. सायकलच्या फोर्कमध्ये या तीन कामांना तीन वेगळे भाग लागतात.

वंगण कशाचं करायचं, हा प्रश्न या देशात एकदा फार भारी पडला आहे. एनफिल्ड रायफलच्या काडतुसांना लावलेली चरबी गाईची की डुकराची, यावरून १८५७ च्या सुरुवातीला छावण्यांमध्ये जे पेटलं ते आपण शाळेत शिकलो. त्यातलं एक टोक सहसा शिकवत नाहीत. जानेवारीतच सरकारनं शिपायांना परवानगी दिली होती की बाजारातून मेण आणि तेल आणा आणि तुमचं तुम्ही मिश्रण करून लावा. मेण घट्टक, तेल वंगण: रसायन म्हणून अगदी चोख सूत्र. पण तोवर वेळ निघून गेली होती. वंगण चांगलं की वाईट हे फक्त घर्षणावर ठरत नाही.

वऱ्हाडाकडे परत येऊ. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला तो कापसामुळेच महत्त्वाचा होता. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या रुईचे भाव चढले. रेल्वेही त्याच दशकात आली. अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला.

इतिहासाच्या पुस्तकात इथे रेल्वे येते आणि बैलगाडी मागे पडते. प्रत्यक्षात उलट झालं असणार, असं मला वाटतं. रुळ एका रेषेत जातो. शेतातून त्या रेषेपर्यंत कापूस कोण आणणार? बंडीच. स्टेशन जितकं मोठं, तितकी तिथे येणाऱ्या बंड्यांची रांग लांब. म्हणजे जितकी रेल्वे वाढली तितकी एरंडेलाची गरजही. आणि एरंडेल नुसतं बंडीला लागत नव्हतं. रॉकेल येण्याआधी दिवे त्यावर जळायचे, आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या रेल्वेसुद्धा दिव्यांना आणि यंत्रांना एरंडेल वापरायच्या. दुसऱ्या बियांच्या तेलापेक्षा ते खूपच दाट असतं आणि थंडीत लवकर गोठत नाही.

रेल्वेच्या डब्याखालचा आखपेटारा, म्हणजे अ‍ॅक्सल बॉक्स, मी पहिल्यांदा चित्रात पाहिला तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. जुन्या पद्धतीचा साधा पेटारा असा: आखाच्या टोकावर वरून पितळी बेअरिंग टेकलेलं, आणि खालच्या पोकळीत तेलात भिजवलेला सुताचा चोथा ठासलेला. चोथा आखाला खालून चिकटून राहतो आणि वातीसारखं तेल वर पोचवतो. थोडक्यात, आबाजींची चिंधी लोखंडी पेटीत घातलेली. वरच्या डब्यात कापसाच्या गाठी, खालच्या पेटीत सूत. हा चोथा सुकला किंवा सरकला की आख तापायचा, धूर निघायचा, कधी डबा पेटायचा. याला रेल्वेची माणसं हॉट अ‍ॅक्सल म्हणतात. धडधडत जाणाऱ्या गाडीकडे बघत स्टेशनवर हिरवा झेंडा धरून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो धूर, ठिणगी, तापलेला आख यांच्यावरही नजर ठेवून असतो.

मुर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठीच घातली गेली. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. माझ्या वडिलांनी त्या इंजिनाचा प्रवास केलाय, मी नाही. ते सांगतात की मुर्तिजापूरला ड्रायव्हर तेलाचा लांब चोचीचा डबा घेऊन खाली उतरायचा आणि इंजिनाभोवती हळूहळू एक फेरी मारायचा. फेरी पूर्ण झाल्याशिवाय गाडी निघायची नाही आणि कोणी घाईही करायचं नाही. आता ही गाडीच थांबली आहे.

नुसतं तेल जिथे चालत नाही अशी जागा वऱ्हाडात रेल्वेइतकीच महत्त्वाची होती: जिनिंग. जिनच्या बेअरिंगमधून तेल ठिबकलं तर रुईवर डाग पडतो आणि डागी रुईला भाव नाही. बेअरिंग कोरडं राहिलं तर तापतं, आणि आजूबाजूला हवेत तरंगणारी तूस असते. तिला पेटायला फार लागत नाही. म्हणजे इथे जागेवर बसून राहील, पण आतून ओलं ठेवील असं काहीतरी हवं. ही गरज फक्त जिनची नव्हती, जगभरच्या कारखान्यांची होती, आणि तिच्यातूनच साबणाचं ग्रीस आलं.

हो, साबणाचंच. चरबी किंवा तेल क्षाराबरोबर शिजवलं की साबण होतो. तो तेलात नीट शिजवून थंड केला की त्याचे सूक्ष्म धागे तयार होतात. तीच चिंधी, फक्त डोळ्यांना न दिसणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चुन्याच्या साबणाचं ग्रीस आलं. ते पाण्याला दाद द्यायचं नाही, पण त्याची जाळी टिकायला त्यात थोडं पाणी असावं लागायचं. तापलं की पाणी उडायचं आणि जाळी कोसळायची. सोड्याच्या साबणाचं ग्रीस उष्णता सोसायचं, पण पावसात विरघळायचं. जवळजवळ शंभर वर्षं फिटर लोकांपुढे हीच निवड होती: पाणी की उष्णता?

१९४२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल या माणसाला लिथियमच्या साबणाच्या ग्रीसचं पेटंट मिळालं. लिथियम दोन्ही सोसतं. पुढच्या काही वर्षांत कळलं की कोणताही मेदाम्ल घेऊन चालत नाही, एक विशिष्ट मेदाम्ल घेतलं तर जाळी सगळ्यात घट्ट विणली जाते. त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीत बाराव्या कार्बनला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. शेजारशेजारच्या साखळ्या या जोड्यांनी एकमेकींना धरतात आणि पीळ पडलेल्या दोरीसारखे धागे होतात. आता असं मेदाम्ल स्वस्तात आणि भरपूर कुठे मिळतं? एरंडेलात. एरंडेलातलं जवळपास नव्वद टक्के मेदाम्ल याच घडणीचं असतं, त्यात फक्त हायड्रोजन भरायचा राहतो. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या तेलबीत ही सोय नाही.

आज जगात बनणाऱ्या ग्रीसपैकी निम्म्याहून अधिक लिथियम साबणाचं आहे, आणि जगातली सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, बहुतेक गुजरातेत. बंडीला टायर आणि बॉल बेअरिंग लागलं, बांबूचं नळकांडं गेलं, दुकानातून ग्रीसचा डबा आला. आबाजींना वाटलं एरंडीचं काम संपलं. ती डब्यात आली होती, फक्त तेल म्हणून नाही, चिंधी म्हणून. हे मला एम.एस्सी.ला कळलं तेव्हा आबाजी नव्हते. सांगायचं राहून गेलं.

आता मूळ प्रश्नाचा राहिलेला अर्धा भाग: रबर. बंडीत रबर नव्हतं. फोर्कमध्ये आहे, आणि ग्रीसची निवड तिथेच अडते. नियम सोपा आहे, सारखं सारख्यात मुरतं. झाडाच्या चिकापासून केलेलं साधं रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि लिबलिबीत होतं. एरंडेल त्याला फारसं शिवत नाही. म्हणूनच मोटारींच्या सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण भरत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी रोटरी इंजिनंही एरंडेलावर चालायची, पण तिथलं कारण वेगळं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. (कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ सालचं, आणि ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं.) १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं, ते खनिज तेलात टिकतं. फोर्कची सीलं सहसा याच जातीची असतात. त्यामुळे "लिथियम ग्रीसनं सील सडतं" असं सरसकट सांगणारे लोक भेटतील, त्यांना विचारा, कोणतं सील आणि ग्रीसमधलं तेल कोणतं? रबराशी गाठ पडते ती मुख्यतः तेलाची आणि त्यात मिसळलेल्या द्रव्यांची. साबणावर उगाच आळ येतो. एक ठिकाण मात्र खरंच जपा: सायकलच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव असेल तर तिथली रबरं वेगळ्या जातीची असतात आणि खनिज तेलाचं ग्रीस लागलं की फुगतात. फोर्कचा हात ब्रेकला लावू नका.

डोंगरी सायकलला सस्पेन्शन फोर्क खऱ्या अर्थानं आला तो रॉकशॉक्सच्या १९८९ च्या आरएस-१ पासून. पुढे त्यांचा ज्युडी नावाचा फोर्क आला आणि त्याच्याबरोबर ज्युडी बटर नावाचं ग्रीस. नाव लोण्याचं, आणि ते योग्यच आहे. फोर्कला लोण्यासारखं मऊ हवं. व्हीलबेअरिंगचं ग्रीस गोल फिरणाऱ्या, तापणाऱ्या, जड भाराच्या जागेसाठी असतं. तिथे ते चिकट असावं लागतं. फोर्क फिरत नाही, तो सुईएवढ्या हालचालीनं सरकतो आणि लगेच थांबतो. चिकट ग्रीस त्या पहिल्या हालचालीलाच अडवतं. लहान खड्डे फोर्कऐवजी मनगटात जातात.

ग्रीसचा मऊपणा डब्यावरच्या एका आकड्यात असतो. २५ अंशाला, ६० वेळा घुसळलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू सोडतात आणि तो किती आत गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २६५ ते २९५ आला तर ग्रेड २, म्हणजे आपलं नेहमीचं ट्रकचं ग्रीस. ३१० ते ३४० म्हणजे ग्रेड १. ३५५ ते ३८५ म्हणजे ग्रेड ०, जवळपास श्रीखंड. फोर्कसाठी मी १ किंवा त्याहून मऊ बघतो, आत मॉलिब्डेनमची काळी पूड नको, तार सुटणारा चिकटपणा नको. दोन बोटांमध्ये घेऊन बोटं फाकवा. तार लांब निघाली तर ठेवून द्या. परवडत असेल तर फोर्क बनवणारी कंपनी सांगते तेच घ्या, एक छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. मी हे आधी केलं असतं तर हा लेख झाला नसता.

आणि किती लावायचं, यावर जास्त जपा. सीलच्या ओठांमधल्या खोबणीत पातळ थर, हवेच्या स्प्रिंगच्या सीलवर पातळ थर, बस. फोमच्या कडीला ग्रीस लावायचंच नाही. ती वाटीत तेल घेऊन बुडवायची, दाबायची, सोडायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

मी दुसऱ्या दिवशी सगळं रॉकेलनं न धुता आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढलं, खाच काडीनं मोकळी केली, मित्राकडून चमचाभर योग्य ग्रीस उसनं आणलं आणि दोन्ही कड्या रात्रभर तेलात ठेवल्या. ओरखडा नखाला लागत होता, म्हणून अगदी बारीक पॉलिश पेपरनं तेवढीच जागा घासली. नखाला लागायचा थांबलाय, डोळ्याला दिसतो. सध्या पन्नास तास चालवलं की फोर्क खालून उघडतो आणि आधी कडी चिमटीत दाबून बघतो. परवा उघडला तेव्हा ओली होती.